चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

दिवाळी अंकात लघवीचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. परंतु तिच्यावरून वैद्य-डॉक्टरांनी माणसाचे आयुष्य कसे जोखले, हा इतिहास घरातील सर्वांनी वाचावा असा आहे.

‘योगरत्नाकर’ या वैद्यकग्रंथात तैलबिंदू परीक्षा सांगितली आहे. पहाटेच्या लघवीत तेलाचा थेंब सोडावयाचा. तो झटकन पसरला तर रोग साध्य, पसरला नाही तर कष्टसाध्य, तळाशी गेला तर असाध्य. सूज उतरावी, लघवी मोकळी व्हावी म्हणून घेटुळी आणि गोखरू देत. आमच्या नगर जिल्ह्याच्या माळावर अनवाणी पोरांच्या पायात मोडतो तो सराटा म्हणजेच हा गोखरू! पण दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर त्याचाही इलाज चालत नसे.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील डॉ. रिचर्ड ब्राइट हे सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठे. ही खूण आणि मरणोत्तर तपासणीत दिसलेली बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड त्यांनी १८२७ मध्ये जगापुढे मांडली. रोग सापडला, पण उपचार काय? रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणणे! वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, “गुरुजी, मग डॉक्टर करीत तरी काय?” मी म्हणतो, “रोग्याजवळ बसत.”

हे बसणे शंभरांहून अधिक वर्षे चालले. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र केले. सुरुवातीचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक बेशुद्ध बाई त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली. तरीही दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी योजली, तेव्हा कुठे हा उपचार वर्षानुवर्षे करता येऊ लागला.

त्याची थोरवी महाराष्ट्राने जवळून पाहिली. १९७५ च्या नोव्हेंबरात बंदिवासातून सुटलेले जयप्रकाश नारायण मूत्रपिंडे निकामी झालेल्या स्थितीत मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले. डायलिसिसच्या आधारावर ते जगले, १९७७ चे सत्तांतर त्यांनी पाहिले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. यंत्राने दिलेल्या या चार वर्षांत देशाचा इतिहास बदलला.

पण यंत्र मूत्रपिंड बरे करीत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास त्याच्याशी बांधून घ्यावे लागते. मधुमेह आणि रक्तदाब हळूहळू, न दुखवता मूत्रपिंड पोखरतात. सूज दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून दिवाळीला जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला हे विकार असतील, तर फराळाच्या ताटावरून उठण्यापूर्वी त्यांच्याकडून लघवी आणि रक्त तपासून घेण्याचे वचन घ्या. ब्राइटसाहेबांना रोग ओळखूनही हात जोडून बसावे लागले. आपल्याला तसे बसण्याचे कारण नाही.