भोकर विधानसभा मतदारसंघ

भोकर हा महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी एक (क्र. ८५) असून तो नांदेड जिल्ह्यात व नांदेड लोकसभा मतदारसंघात मोडतो.

नेतृत्वाचा वारसा

१९७२ मध्ये येथून विजयी झालेले शंकरराव चव्हाण १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले. १९८६ मध्ये ते दुसऱ्यांदा त्या पदावर आले. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण यांनी डिसेंबर २००८ मध्ये विलासराव देशमुख यांच्या राजीनाम्यानंतर मुख्यमंत्रिपद स्वीकारले. पिता व पुत्र दोघेही मुख्यमंत्री होण्याचे महाराष्ट्रातील हे पहिले उदाहरण होय. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत मुदखेड मतदारसंघ रद्द झाल्यावर २००९ मध्ये ते भोकरमधून निवडून आले. आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१४ मध्ये ते लोकसभेवर गेले व भोकरमधून त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण विजयी झाल्या. २०१९ मध्ये लोकसभेत पराभूत झाल्यावर ते भोकरमधून पुन्हा विधानसभेवर आले.

पक्षांतर

फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण यांनी काँग्रेस व आमदारकी सोडून भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि ते राज्यसभेवर गेले. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत मात्र नांदेडची जागा काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांनी जिंकली. त्यांच्या निधनामुळे झालेल्या पोटनिवडणुकीतही काँग्रेसने ती राखली. या पोटनिवडणुकीच्याच दिवशी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभेच्या मतदानात भोकरमधून भाजपच्या श्रीजया अशोक चव्हाण विजयी झाल्या. पक्ष बदलला, तरी प्रतिनिधित्व त्याच कुटुंबाकडे राहिले.