वडाप किंवा ॲपच्या गाडीत अपघात झाला तर भरपाई कशी मिळते? मिटवामिटवीच्या कागदावर सही करण्याआधी हे वाचा

एसटी चुकली की वडाप आणि शहरात उतरलं की ओला-उबर, असा आपला प्रवास. गाडी पलटी झाली की दोन-चार दिवसांत मालकाचा निरोप येतो, "दवाखान्याचं बिल देतो, केस करू नका." घरचा माणूस दवाखान्यात असतो, हातात पैसा नसतो, म्हणून लोक सही करतात. ही घाई महागात पडते.

पहिल्या दिवशी काय कराल?

११२ ला फोन करा. गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. ॲपची गाडी असेल तर ट्रिपची पावती, ड्रायव्हरचं नाव यांचे स्क्रीनशॉट ठेवा. पोलिसांत नोंद कराच. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. त्यात ठरवून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत उपचार होतात.

पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा गाडीची विमा कंपनी. मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत.

कलम १६४ : चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

कलम १६६ : ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण वय, कमाई, अपंगत्व आणि घरात अवलंबून किती माणसं, हे बघून रक्कम ठरते, म्हणून ती जास्तही मिळू शकते.

दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. कमावता माणूस गेला असेल तर वकिलाला विचारूनच वाट निवडा. दोन गाड्यांची धडक असेल तर प्रवासी दोन्ही गाड्यांवर दावा लावू शकतो. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर?

खासगी गाडीत भाडं भरलं म्हणून विमा कंपनी हात वर करते. तरीही दावा सोडू नका. अशा बऱ्याच प्रकरणांत कोर्टाने कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं आहे. जादा माणसं भरली असली तरी प्रवाशाचा हक्क जात नाही. मात्र कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या सीटांपुरती राहू शकते.

दावा कुठं आणि कधी?

जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात परजिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथं दावा टाकता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. उशीर झाला असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका.

ही कागदं जपा : एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची सगळी बिलं, अपंगत्वाचा दाखला किंवा शवविच्छेदन अहवाल, आधार, वयाचा पुरावा. शेतकऱ्याने सातबारा, ऊस-दुधाची बिलं, बँक पासबुक जोडावं. कमाई दाखवली नाही तर रक्कम कमी धरली जाते.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.