मिस्टेरियम : नसलेल्या मूलद्रव्याची गोष्ट

वर्णपटात अनोळखी रेषा दिसली तर तिचा अर्थ कसा लावायचा? १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशी एक पिवळी रेषा आढळली आणि तिच्यातून हेलियम हे खरोखरच नवे मूलद्रव्य हाती आले. त्याच सुमारास तेजोमेघांच्या वर्णपटातील हिरव्या रेषांसाठी ‘नेब्युलियम’ कल्पिले गेले. परंतु १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवून दिले की, त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. म्हणजे नवे नाव एकदा बरोबर ठरले, एकदा चुकले. १९६५ मध्ये हाच प्रश्न रेडिओ खगोलशास्त्रज्ञांसमोर आला.

त्याआधीची स्थिती पाहू. हायड्रोजन अणूची २१ सेंटिमीटरची रेषा १९५१ मध्ये सापडली होती. ताऱ्यांमधील पोकळीत दोन अणूंचे काही साधे रेणू आहेत, हेही दृश्य प्रकाशातील निरीक्षणांवरून ठाऊक होते. पण तेथील वायू इतका विरळ आणि अतिनील किरण इतके मारक, की याहून मोठे रेणू तेथे टिकणार नाहीत, अशी बहुतेकांची समजूत होती. चार्ल्स टाउन्स यांना मात्र तसे वाटत नव्हते. रेडिओ दुर्बिणीने कोणते रेणू शोधता येतील याची यादीच त्यांनी १९५५ च्या एका परिषदेत मांडली. १९५४ मध्ये अमोनियाचे रेणू वापरून पहिला मेसर तयार करणारे टाउन्स ते हेच.

त्या यादीतील हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू असलेला घटक, १९६३ मध्ये अमेरिकेत वाइनरेब, बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. १८ सेंटिमीटर तरंगलांबीजवळ त्याच्या चार रेषा असतात : १६१२, १६६५, १६६७ आणि १७२० मेगाहर्ट्‌झ. सामान्य परिस्थितीत त्यांच्या तीव्रतेचे प्रमाण १:५:९:१ असावे.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील हॅरॉल्ड वीव्हर यांच्या गटाने तारे जन्मत असलेल्या मेघांकडे दुर्बीण वळवली. १६६५ ची रेषा विलक्षण प्रखर दिसली; तिच्यापेक्षा प्रखर असायला हवी ती १६६७ ची रेषा मात्र क्षीण. हा हायड्रॉक्सिल असेल तर प्रमाण का जुळत नाही? संशोधकांनी या अज्ञात उत्सर्जकाला अर्धवट थट्टेने ‘मिस्टेरियम’ म्हटले. आवर्त सारणीत आता नव्या हलक्या मूलद्रव्याला जागा उरलेली नव्हती, हे सर्वांनाच ठाऊक होते!

यापुढे कोडे अधिकच अवघड झाले. रेषा इतक्या अरुंद होत्या की वायूचे तापमान शंभर केल्व्हिनपेक्षाही कमी असावे. प्रारणाचे ध्रुवीकरणही तीव्र होते. १९६७ मध्ये शेकडो किलोमीटर अंतरावरील दुर्बिणी एकत्र वापरून ‘डब्ल्यू ३’ या मेघातील उगमस्थाने मोजली, तर ती अगदी लहान ठिपक्यांएवढी निघाली. इतक्या लहान जागेतून एवढे प्रारण येण्यास तापमान सुमारे एक लाख कोटी केल्व्हिन हवे. एकच वायू इतका थंड आणि इतका तप्त कसा असेल?

उत्तर टाउन्स यांच्या प्रयोगशाळेत आधीच तयार होते. एरवी वायूत खालच्या ऊर्जापातळीवर रेणू अधिक असतात, त्यामुळे येणारे प्रारण शोषले जाते. एखाद्या ऊर्जास्रोताने वरच्या पातळीवर अधिक रेणू नेऊन ठेवले, तर उलटे घडते. आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये सांगितल्याप्रमाणे एक फोटॉन हुबेहूब दुसरा फोटॉन बाहेर काढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. वर्गात मुलांना हे गणित जरूर करू द्यावे : चाळीस वेळा दुप्पट केले की एकाचे एक लाख कोटींहून अधिक होतात. अर्थात वरच्या पातळीवरील रेणू अपुरे पडू लागले की ही वाढ मंदावते. नवजात ताऱ्याभोवतीची धूळ तापून अवरक्त किरण देते, त्याच्या झोतांमुळे वायूत आघात-तरंग उठतात. रेणूंना वर चढवण्याचे काम तेथे हेच करतात. निसर्गाचा मेसर माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

समजूत बदलताच शोधांना वेग आला. टाउन्स, वेल्च व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये अमोनिया शोधला. पाठोपाठ पाण्याची २२ गिगाहर्ट्‌झची रेषा मिळाली, तीही मेसरच! १९६९ मध्ये फॉर्माल्डिहाइड, १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइड सापडला. १९९१ मध्ये कार्ल मेंटेन यांनी मिथेनॉलचा ६.७ गिगाहर्ट्‌झचा मेसर शोधला. जड ताऱ्यांच्या जन्मस्थानांची ती आज खात्रीची खूण आहे. २००६ मध्ये ‘डब्ल्यू ३’ मधील मिथेनॉल मेसरचे ठिपके पृथ्वीच्या वार्षिक फेऱ्यात किती सरकलेले दिसतात, हे मोजून त्याचे अंतर सुमारे ६,४०० प्रकाशवर्षे ठरले. वायूच्या वेगावरून काढलेले अंतर याच्या दुपटीहून अधिक येत असे. एकेकाळचे कोडे आकाशगंगा मोजण्याची फूटपट्टी झाले.

आजही अनोळखी रेषा दिसली की आम्ही प्रथम उपकरण तपासतो, मग ज्ञात रेणूंच्या याद्या चाळतो. मिस्टेरियमने शिकवलेली तिसरी पायरी अशी : रेणू ओळखीचा असेल, पण त्याची परिस्थिती आपण गृहीत धरली तशी आहे काय? १:५:९:१ हे प्रमाण चुकीचे नव्हते. ते ज्या अटीवर उभे होते, ती अट तेथे लागू नव्हती. पुस्तकातील सूत्राशी प्रयोग जुळला नाही, तर विद्यार्थ्याला ‘पुन्हा कर’ म्हणण्याबरोबरच सूत्रामागील अटीही विचारायला हव्यात.