घरी बांधलेल्या बायप्लेनमध्ये होकायंत्र कुठे बसवायचं?

फोनला चुंबकवालं कव्हर लावलं की मॅपमधला बाण भलतीकडे वळतो, हे तुम्ही पाहिलं असेल. विमानात तीच गडबड महागात पडते: १० अंशांची चूक झाली, तर १०० किमीनंतर आपण सुमारे १७ किमी बाजूला, आणि टाकीत पेट्रोल मोजकंच!

अमेरिकेतलं ‘पिट्स स्पेशल’ घ्या. १९४४ साली उडालेलं, एकावर एक दोन पंखांचं हे विमान हौशी लोक आराखडे घेऊन घरीच बांधतात. पंख लाकडी, पण धड वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या नळ्यांचं. त्या नळ्यांत चुंबकत्व राहू शकतं. शिवाय डॅशबोर्डमागे रेडिओ आणि वायरींचं जंजाळ. म्हणून मी तरी आधी वरच्या पंखाची मागची कड तपासेन. तिथेही आधाराच्या स्टीलच्या नळ्या असतातच, त्यामुळे डोळे झाकून नाही. भोक पाडण्याआधी साधं होकायंत्र तिथे धरायचं, रेडिओ चालू-बंद करायचा, पायलटचा दांडा हलवायचा. सुई हलली की जागा बाद. स्क्रू पितळी घ्यायचे, दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या.

मग इंजिन चालू ठेवून विमान दर ३० अंशांनी वळवायचं आणि उरलेला फरक कार्डावर लिहून होकायंत्राशेजारी लावायचा.