केजीएफ : खाण बंद झाली, मग शहराचं काय झालं?

'केजीएफ' म्हटलं की आता सिनेमाच आठवतो. पण कोलार गोल्ड फील्ड्स हे कर्नाटकातलं खरंखुरं शहर आहे, बंगळुरूपासून साधारण 100 किलोमीटरवर.

1880 च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीनं इथं मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू केलं. 1902 मध्ये शिवनसमुद्र इथल्या जलविद्युत केंद्रातून खाणींना वीज मिळाली. 'चॅम्पियन रीफ' खाण तर तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली.

खाण बंद का पडली?

जितकं खोल जावं, तितका खर्च वाढत गेला आणि दगडात मिळणारं सोनं कमी होत गेलं. अखेर 28 फेब्रुवारी 2001 रोजी भारत गोल्ड माइन्स लिमिटेड या सरकारी कंपनीनं काम थांबवलं.

आज तिथं काय उरलंय?

गंजलेले लोखंडी मनोरे, पाण्यानं भरलेल्या खाणी, ब्रिटिशांचे बंगले आणि राखाडी मातीचे डोंगर. सोनं वेगळं करायला सायनाइड वापरायचे. त्यातून उरलेल्या भुकटीचे हे ढीग 'सायनाइड डंप' म्हणून ओळखले जातात. जोराचा वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीत येते.

कारण वस्ती अजून आहे. खाण कामगारांची मुलं-नातवंडं कामगार चाळींमधल्या छोट्या घरांत राहतात. त्यातले अनेक जण रोज रेल्वेनं बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. त्यामुळे केजीएफला 'भुताचं शहर' म्हणणं चूक आहे. सोडून गेली ती कंपनी, माणसं नाहीत.