इंजिनातली टेलिफोनची तार

मणिकर्णिका घाटासमोरून जाणाऱ्या डिझेलच्या नावा आता सीएनजीवर येत चालल्या आहेत. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटतं. नुसत्या सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाला मात्र ठिणगी लागते, आणि ठिणगीबरोबर विजेचा गोंगाट येतो. १८८७ साली हर्ट्झला रेडिओलहरी सापडल्या त्याही ठिणगीतूनच.

मोटारीत ही ठिणगी ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, कान भरते. क्रँक सेन्सरसमोर बहुधा साठ दात्यांच्या मापाचं, पण दोन दाते गाळलेलं चाक फिरतं. त्या फटीवरून क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळतं. मध्येच एक खोटी पल्स घुसली, की मोजणी बिघडते आणि ठिणगी भलत्या वेळी पडते.

यावरच्या उपायांचं कूळ कार रेडिओत शोधण्याचा मोह होतो. १९३० साली मोटोरोला आला, खरखर घालवायला प्लगच्या तारांत रेझिस्टर बसले. मला ते पटत नाही. रेझिस्टर गोंगाट उगमापाशी दाबतो. सेन्सरची तार वाचवण्याची विद्या वेगळी, आणि ती टेलिफोनची.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, वीज जमिनीतून परतायची. विजेच्या ट्रॅम आल्या, त्यांचाही प्रवाह जमिनीत उतरला आणि फोनमध्ये घरघर सुरू झाली. मग परतीला वेगळी तार आली. त्या दोन तारांना पीळ देण्याची युक्ती बेलने १८८१ च्या पेटंटात मांडलेलीच होती: एका वेढ्यात शिरलेला गोंगाट पुढच्या वेढ्यात उलटा शिरतो, दोन्ही एकमेकांना खोडतात.

आता बॉनेट उघडा. इथे जमिनीच्या जागी गाडीची बॉडी आहे. दिवे, पंखा, स्टार्टर, सगळ्यांचा प्रवाह तिच्यातून परततो. गंजलेल्या अर्थिंगमध्ये एक मिलिओहम रोध असला आणि १०० अँपिअर गेले, तर ०.१ व्होल्टचा फरक पडतो. ५ व्होल्टच्या सेन्सरला ही दोन टक्क्यांची चूक झाली. म्हणून सेन्सरची परतीची तार बॉडीला न जोडता थेट ईसीयूपर्यंत नेतात, आणि क्रँक सेन्सरच्या तारांना पीळ देतात.

१९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली. टेलिफोनची ही विद्या तिच्या वायरिंगपर्यंत विमानांमार्गे आली असावी, असा माझा नुसता अंदाज आहे. तिथेही धातूचा सांगाडा, त्यातून परतणारा प्रवाह आणि शेजारीच रेडिओ.

क्रँक सेन्सरची तुटलेली वायर सांधताना पीळ सोडून तारा सरळ जोडल्या जातात. टेप गुंडाळण्याआधी तो पुन्हा द्यायलाच हवा.