सोलापूरची सांजेची भाकरी

"मॅडम, रात्री पोट भरेल, पण वजन वाढणार नाही, असं काहीतरी पटकन होणारं सांगा ना." गृहविज्ञान शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली, तरी जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की हे विचारतातच. आता त्यांच्या सुनाही विचारू लागल्या आहेत. मी त्यांना सोलापूरचंच जुनं सांजेचं जेवण सांगते : ज्वारीची एक भाकरी, डाळ घातलेली पालेभाजी आणि वाडगाभर ताक. ऐकून त्या थोड्या हिरमुसतात, कारण त्यांना काहीतरी नवं हवं असतं. पण हे ताट आपल्याकडे कसं आलं, कुणी ते किती कष्टानं टिकवलं आणि आपण ते कधी बाजूला सारलं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करते. ज्वारीत कॅलरी कमी असतात म्हणून भाकरी खावी, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डॉ. आयक्रॉइड यांनी 1937 साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं प्रसिद्ध केली. पुढे ही संस्था हैदराबादला गेली आणि डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोष्टकं वाढवली. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं वापरली ती हीच. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीला 349 कॅलरी आहेत, गव्हाच्या पिठाला 341 आणि तांदळाला 345. म्हणजे पिठापिठात काही फरकच नाही. फरक पडतो तो ताटात. भाकरीला तेल लागत नाही, तूप लागत नाही, ती पाण्यावर थापली जाते आणि पाण्यानंच पुसली जाते. घडीच्या पोळीत आत तेल असतं, वर तूप असतं, आणि एक चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी. शिवाय भाकरी चावावी लागते. ती घाईनं गिळता येत नाही. चावता चावता पोट भरल्याचं कळतं आणि हात आपोआप थांबतो.

हे सगळं सोलापूरच्या बायकांनी आरोग्याचा विचार करून ठरवलं होतं का? नाही. तेल महाग होतं, लाकूडफाटा महाग होता आणि धान्य मोजून वापरावं लागत होतं. या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो गाळून या जेवणाचं कौतुक करणं मला अन्यायाचं वाटतं.

दख्खनमध्ये माणसाला किती अन्न पुरतं याचा सरकारी हिशेब पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला तो 1876 ते 78 च्या दुष्काळात. सोलापूर जिल्हा त्यात पुरता होरपळला. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी पाठवण्यात आलं आणि पुढे 1877 मध्येच ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी ठरवलं की दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुराला रोज एक पौंड धान्य येईल एवढी मजुरी आणि वर मीठमिरचीपुरते पैसे पुरेसे आहेत. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या मापाला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारदरबारी लावून धरली.

अन्नाची कॅलरी तेव्हा सर्वसामान्यांच्या कानावर आलेली नव्हती. अमेरिकेत ॲटवॉटर यांनी तो हिशेब लोकांपुढे मांडला तो त्यानंतर दहाएक वर्षांनी. पण आज आपण तो करू शकतो. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. तेवढ्या ज्वारीच्या होतात सुमारे 1580 कॅलरी. हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडत असे, कारण वजन उतरवायला आलेल्या बाईच्या हातात आज जो तक्ता ठेवला जातो तो बहुधा बाराशे ते पंधराशे कॅलरींचा असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी जे माप औषध आहे, जवळपास त्याच मापावर उन्हात दगड फोडणारी माणसं हाडांचे सापळे होऊन मेली. गणित मांडून झालं की वर्गात कुणी बोलत नसे.

त्याच दुष्काळाच्या मध्यात, 1877 साली, मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणतात. मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसं येत गेली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचं जेवण भोंग्यावर चालू लागलं. माझी आजी गिरणीच्या रीलिंग खात्यात होती. बायका बहुतेक याच खात्यात किंवा वाइंडिंगला असत. भोंगा झाला की ती घरी येई, पाय धुई आणि आधी चूल पेटवी. दिव्याला रॉकेल जाळायचं नाही म्हणून अंधार पडायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकलेली असत. आज आहारतज्ज्ञ झोपण्याआधी तीन तास जेवा म्हणून सांगतात. आमच्या चाळीत ते रॉकेलच्या बाटलीनं ठरवलेलं होतं.

आजीची भाकरी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. काटवटीत एका भाकरीचंच पीठ घ्यायचं, त्यात आळं करून पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं ते रगडत राहायचं. पीठ ताजं असेल तर चिकटून येई. महिनाभराचं जुनं असलं की त्याची विरी गेलेली असे, मग कडेला चिरा पडत आणि आजी गरम पाणी घेई. थापताना हात मधून कडेकडे फिरत जाई. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर राही, तिच्यावर ओल्या हातानं पाणी फिरवायचं, पाणी सुकता सुकता उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी धरायची. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटला की त्यात चटणी घालून पहिला तुकडा आम्हा मुलांना मिळे. या सगळ्यात तेलाचा थेंब नाही.

भाकरीसोबत काय असे, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण ही खरी श्रीमंती होती. करडईचा कोवळा पाला. सोलापूर करडईचा मुलूख, त्यामुळे तेलही करडईचंच, घाण्यावरून छोट्या बाटलीत आणलेलं. पाला चिरून मूठभर मुगाच्या डाळीबरोबर शिजवायचा आणि वरून लसणाची फोडणी, तीही पळीच्या टोकाएवढ्या तेलाची. अंबाडी असेल तर आधी उकडून तिचं आंबट पाणी काढून टाकायचं, मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायची. ती खाताना भाकरी अर्धीच पुरते. हुलगे भाजून दळलेल्या पिठाचं माडगं असे, लसूण आणि मीठ घालून पातळ शिजवलेलं. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत आणि माडग्याला एका माणसामागे पीठ लागतं फार तर तीन मोठे चमचे. आजारी माणूस असो की थकून आलेला, वाडगाभर माडगं पिऊन तो शांत झोपे. उन्हाळ्यात आंबील : ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात वैरून शिजवायचं, गार झालं की पुन्हा ताक घालून पातळ करायचं. आणि ताककण्या, ज्यांना मऊ भाताची आवड आहे त्यांनी एकदा करून पाहाव्यातच. पन्नास ग्रॅम कण्यांचा फुलून मोठा वाडगा भरतो, 175 कॅलरी होतात, आणि ताकाच्या आणखी तीसेक.

शेंगाची चटणी मात्र जपून घ्यावी. उखळात कुटून तेल सुटलेली आमची चटणी मला प्राणप्रिय आहे. पण शेंगदाण्याला शंभर ग्रॅममागे 567 कॅलरी आहेत. आजी ती बोटाच्या पेरानं वाढायची. आपण चमच्यानं वाढतो.

1972 साली मी शाळेत होते. पाऊस सलग दगा देत आला होता आणि त्या वर्षी तर पेरलेलं उगवलंच नाही. मोहोळ तालुक्यात आमचं आजोळ. तिथे मामा आणि मामी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून मालदांडीची एम 35-1 ही निवड झाली, ज्या ज्वारीनं निम्म्या दख्खनला पोसलं, त्याच तालुक्यात माणसं परदेशी लाल भाकरी पाण्याबरोबर उतरवत होती. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि पुढे तिचा कायदा झाला. माझ्या पिढीच्या मनात मात्र ज्वारीवर दुष्काळाचा शिक्का बसला. घरात चार पैसे आले की पहिली बदलली ती भाकरी. पोळी म्हणजे प्रतिष्ठा, आणि पाहुण्यापुढे भाकरी ठेवायची म्हणजे लाज, असं झालं.

शेतही बदललं. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं, कालव्याला पाणी आलं आणि शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, काळ्या मातीत परतीच्या पावसाची ओल पुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की माघ-फाल्गुनात काढणीला येते. उसाला वर्षभर पाणी लागतं. आज सोलापूर राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत गणला जातो. 1990 च्या दशकात पामतेलाची आयात खुली झाली आणि तेलाच्या बाटलीच्या जागी डबा आला. साखर, तेल आणि पोळी, तिन्ही एकाच पिढीत आमच्या ताटात वाढली आणि अंगमेहनत त्याच पिढीत गेली. गिरण्या बंद पडल्या, तिथल्या कामगारांची मुलं टेबलाशी बसून काम करू लागली. सोलापुरातल्या घराघरांत मधुमेह कसा शिरला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या पडझडीतून एक गोष्ट मात्र वर आली, ती म्हणजे कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची आणि पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. कर्नाटकातली जोळद रोट्टी आणि ही सख्ख्या बहिणी. प्रवासाला, यात्रेला बांधून न्यायची ही भाकरी आज बायकांच्या गटांनी शेकड्यांनी करून पुण्या-मुंबईला पाठवायला घेतली आहे. ती महिनोन्महिने टिकते, ताकात किंवा आमटीत चुरली की पाच मिनिटांत जेवण तयार. ज्या मुलीला ऑफिसातून आठ वाजता घरी येऊन थापायला बळ नसतं, तिच्यासाठी याहून सोपं काही मला माहीत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दामाजीपंतांच्या कोठारांचं ते गाव, त्याला हा मान शोभतो.

तर ताट असं : साठ ग्रॅम पिठाची भाकरी, 210 कॅलरी. मूठभर डाळ आणि एक चमचा तेल घातलेली वाटीभर पालेभाजी, 140. ग्लासभर पातळ ताक, 30. सगळं मिळून चारशेच्या आत, आणि मध्यरात्री भूक लागून उठावं लागत नाही. आजीची भाकरी शंभर ग्रॅमची असे आणि ती दोन खाई, कारण तिनं दिवसभर उभं राहून सूत गुंडाळलेलं असे. म्हणून भाकरी लहान करा, भाजी मोठी करा. ज्वारी एका वेळी दोन किलोच दळून आणा, विरी जायच्या आत संपवा. आणि तुमच्या घरी भांडी घासायला, बांधकामावर विटा उचलायला जी माणसं येतात, त्यांना जेवायला वाढाल तेव्हा हे माप बाजूला ठेवा, त्यांना दोन मोठ्या भाकऱ्या वाढा आणि वर तेलाची धार सोडा. चारशे कॅलरींचं जेवण फक्त बसून काम करणाऱ्यांसाठी आहे.